गाण्यातला खोकला

आमच्या वन्सं गाताना खोकतात. सर्दी म्हणून नव्हे, वय झालं म्हणूनही नव्हे. गाण्यात खोकला आहे म्हणून. पहिलं कडवं संपलं की दोनदा खोकायचं, मग खेकसायचं, "अगं, दार लाव ना!" आणि मग दुसरं कडवं. गाणं हॉलिवूडच्या जुन्या नाचगाण्यांच्या सिनेमातलं, इंग्रजी, चांगलं प्रेमाचं, आणि मध्येच हे दार! लग्न होऊन आले तेव्हा पहिल्यांदा ऐकलं आणि सुनेची जात, मी खरंच उठून दार लावून आले. सगळं घर पोट धरून हसलं. तो राग माझ्या मनात अजून आहे.

माझे सासरे, म्हणजे मामंजी, वन्संचे अप्पा, थिएटरात ऑपरेटर होते. दुपारच्या खेळाला असले जुने सिनेमे लागायचे. काळ्या कोटातला नायक टाचा वाजवत जिना उतरतो, नायिका त्याच्यावर चिडते, मग दोघं नाचतात आणि राग पळतो. आमच्या घरी असं कधी झालं नाही. लेकीला गाणी आवडायची म्हणून मामंजी मशीनरूममधल्या स्पीकरपुढे टेपरेकॉर्डर ठेवून ती भरून घ्यायचे. आणि लेक काय करायची? बापाचा डबा घेऊन नेमकी गाण्याच्या वेळेला जायची, म्हणजे नाच बघायला मिळतो. दार करकरायचं, उजेड आत घुसायचा, बिडीने पोखरलेली मामंजींची छाती दोनदा खोकायची, आणि मग ते ओरडायचे. हे सगळं गाण्यासकट कॅसेटमध्ये जायचं, आणि वन्संनी ते होतं तसं पाठ केलं.

मोठेपणी त्यांना कळलं की हॉलिवूडमध्ये कुणी कुणाला दार लावायला सांगितलेलं नाही. पण तोवर घशाला वळण लागलं होतं. खोकला गाळला की पुढचं कडवं आठवतच नाही. तोंड उघडं आणि आवाज गुल.

दिवसा वन्सं चष्म्याच्या दुकानात बसतात. संध्याकाळी एका हॉटेलच्या जेवणघरात पियानोशेजारी उभ्या राहून हीच गाणी जॅझच्या चालीत, सावकाश, जीव ओतून गातात. ड्रमवर आमचे दातांचे डॉक्टर. नाचातल्या टाचांचा टकटकाट तेच लाकडी खोक्यावर काढतात. पियानोवाले मास्तर दाराची करकर वाजवतात, अगदी बिजागरीला तेल द्यावंसं वाटेल अशी. एक गाणं तर अर्ध्या शब्दावर थांबतं. वन्सं मान खाली घालतात, दिवे मंद होतात आणि लोक उभे राहून टाळ्या पिटतात. एका पेपरवाल्याने लिहिलं, यात आजच्या माणसाचं तुटलेपण आहे. तुटलेपण कसलं डोंबलाचं! तिथे कॅसेट संपली होती!

असं सगळं मजेत चाललं होतं, तोच एक रेकॉर्ड कंपनीवाला तिथे जेवायला आला आणि वन्संच्या आवाजावर लट्टू झाला. त्याला त्यांची आख्खी रेकॉर्ड काढायची होती. आपल्या नावाची एक तरी रेकॉर्ड निघावी, ही वन्संची जन्माची हौस. साठीला टेकलेल्या बाईला असं दुसऱ्यांदा कोण विचारतंय? पण त्याची अट एकच होती. खोकला नको आणि दारही नको. लोक रेकॉर्ड खराब आहे म्हणून परत आणून देतील.

वन्सं हो म्हणून आल्या आणि ताटावरून तशाच उठल्या. मी मागे गेले तर म्हणाल्या, "वहिनी, कॅसेट केव्हाच मशीनने खाल्ली. अप्पांचा आवाज आता दुसरीकडे कुठेच नाही. खोकला काढला तर अप्पा राहतात कुठे?" मी म्हटलं, "आधी जेवून घ्या."

स्टुडिओत मी सोबतीला गेले. पहिलं कडवं झालं, वन्संनी खोकला गिळला आणि तो उचकी होऊन बाहेर आला. पुन्हा सुरुवात. डॉक्टरांनी वन्संच्या तोंडात पेपरमिंट कोंबली, तर ती गालात खडखडली. मास्तर म्हणाले, मी मान हलवतो, तेव्हा सुरू करा. मास्तरांनी मान हलवली, वन्संनीही हलवली, आणि दोघं एकमेकांकडे बघत माना हलवत राहिले. दुसरं कडवं काही येईना. काचेपलीकडचा रेकॉर्डिंगवाला वैतागून माइकवरून म्हणाला, "बाई, आज नाही जमलं तर राहू द्या."

वन्सं स्टुलावर बसल्या. "वहिनी, घरी चला," म्हणाल्या. इतक्या हळू, की माझं डोकंच फिरलं. एवढी वर्षं त्या खोकल्याने माझ्या पाहुण्यांसमोर माझी शोभा केली, आणि आता नको तेव्हा आडवा येतो म्हणजे काय!

मी तरातरा काचेमागे गेले. "इथलं तिकडे ऐकू जातं का हो?"

"माइक बंद असला की नाही," रेकॉर्डिंगवाला म्हणाला.

"मग सरका."

गाणं सुरू झालं. पहिलं कडवं संपलं. मी छातीवर हात ठेवला, मामंजी वाकायचे तशी वाकले, दोनदा खोकले आणि बेंबीच्या देठापासून ओरडले, "अगं, दार लाव ना!" रेकॉर्डिंगवाल्याच्या हातातला चहा त्याच्याच मांडीवर सांडला. काचेपलीकडे मात्र त्यातलं काहीच गेलं नाही. वन्संचे डोळे माझ्यावर, आणि नळाला पाणी यावं तसं दुसरं कडवं आलं. मग काय, दिवसभर गाणी त्यांनी म्हटली आणि घसा माझा बसला.

रेकॉर्ड आली तेव्हा सगळे आमच्याकडे जमलो. डॉक्टर नेहमीप्रमाणे उशिरा आले आणि बाहेरचं दार सताड उघडं टाकून थेट खुर्चीत बसले. आमच्या ह्यांनी रेकॉर्ड लावली. पहिलं कडवं स्वच्छ, मोत्यासारखं. मग ती जागा आली. नुसता पियानो, आणि त्यात काहीच नाही. शेवटी हेही त्याच बापाचे लेक, ह्यांची छाती भरून आली, पण ह्यांनी तोंडावर रुमाल धरून खोकला दाबला. मला मेलं एकदम रडूच फुटलं. एवढी वर्षं ज्या खोकल्याला नावं ठेवली, तो मीच स्वतः खोकून पुसून टाकला होता.

वन्सं उठल्या. आम्हा सगळ्यांसमोरून चालत गेल्या आणि बाहेरचं दार आवाज न करता लोटून घेतलं.

"लावलं, अप्पा," त्या म्हणाल्या.

मग दुसरं कडवं सुरू झालं.