उलट्या पावलांचं फाटक

कॅझ यान्कोवियाकच्या गळ्याखालचं हाड मी मोडलं. मुद्दाम नव्हे. पण 'मुद्दाम नव्हे' हे शब्द हाड मोडणाऱ्याला जितका दिलासा देतात, तितका ज्याचं मोडलंय त्याला देत नाहीत, हे मी तेव्हापासून जाणून आहे.

झालं ते असं. आमच्या ब्ल्यू हेरॉन्स या ड्रम-बिगुलांच्या पथकात प्रत्येकाच्या कमरेला दोरीने बांधलेली एक चिमुकली वही असते. मैदानावर दर पाच यार्डांना पांढरी रेघ. कितव्या ठोक्याला कुठल्या रेघेपासून किती पावलांवर असायचं, ते त्या वहीत. त्याला आम्ही ठिपका म्हणतो. माझ्या वहीत एका ठिकाणी लिहिलं होतं, 'पंचेचाळिसाच्या रेघेपासून दोन पावलं आत'. आता पंचेचाळिसाच्या रेघा मैदानावर दोन असतात. मधल्या पन्नासाच्या डावीकडे एक, उजवीकडे एक. मी कुठली, ते लिहायचंच राहिलं. धंद्याने मी औषधांचा दुकानदार. गावातल्या तिन्ही डॉक्टरांचं अक्षर मला लागतं, वीस वर्षांत कुणाला चुकीची गोळी दिली नाही; स्वतःच्या वहीत मात्र अर्धंच औषध लिहून ठेवलं.

तर खांद्यावर पंधरा किलोचं काँट्रा घेऊन मी मिनिटाला एकशे ऐंशी पावलांनी उलटा निघालो. काँट्रा म्हणजे आमच्या पितळी वाद्यांतलं सगळ्यात मोठं धूड. ते खांद्यावर असलं की डाव्या बाजूचं जग संपतं. नको त्या पंचेचाळिसावर स्नेअर ड्रमवाल्यांची, म्हणजे दोन काड्यांनी ताशासारखं वाजवणाऱ्यांची, रांग होती, रांगेच्या मधोमध कॅझ होता, आणि मी त्याच्यावर जाऊन आदळलो. खाली ड्रम, ड्रमवर कॅझ, कॅझवर काँट्रा, काँट्रावर मी. उरलेले सहा ड्रमवाले एकही ठोका न चुकवता आम्हाला ओलांडून पुढे गेले. पडलेल्यासाठी थांबायचं नाही, ही शिकवण त्यांना तीस वर्षं कॅझनेच दिली होती. गवतात तोंड खुपसलेला कॅझ त्यांच्या पाठीकडे बघत एवढंच म्हणाला, "तिसरा घाई करतोय."

मग तो बेशुद्ध पडला.

हा कॅझ तेव्हा अडुसष्ट वर्षांचा होता. चौतीस वर्षं त्याने जिल्ह्याची बर्फ सारायची गाडी चालवली. पहाटे गावालगतच्या सरोवरावरून बर्फाचं वादळ आलं की बाकीचा गाव पांघरुणात, आणि कॅझ रस्त्यावर. बायकोशी दिवसाकाठी जेवढे शब्द बोलायचा, त्याहून अधिक त्या गाडीशी बोलायचा असं लॉर्ना म्हणते. लॉर्ना म्हणजे ती बायको. पण विचारलंत तर कॅझ स्वतःला ड्रायव्हर म्हणणार नाही, ड्रमवाला म्हणेल. बाराव्या वर्षी चर्चच्या पथकात शिरला तो आजवर एकाच उन्हाळ्यात मैदानाबाहेर बसला. तो उन्हाळा मी मोडलेल्या हाडाचा.

त्याच्या काळी स्पर्धेत परीक्षक वर स्टँडमध्ये बसत नसत. हातात पाटी आणि पेन्सिल घेऊन रांगेत घुसत. ड्रमवाल्याच्या कानाशी कान लावून चालत, काडी किंचित डळमळली की पेन्सिलीची एक टिचकी, गुणांतून एक दशांश वजा. एकेका टिचकीवर पथकं हरली आहेत. "पाठ भरून घाम यायचा," कॅझ सांगतो, "आणि घाम आला म्हणून काडी डळमळायची, आणि काडी डळमळली की टिचकी. अजून बाथरूममध्ये नळ गळला तरी माझं मनगट ताठ होतं."

अशा माणसाला नवीन काही आवडलं तर नवलच. मैदानाच्या पुढच्या कडेला लाउडस्पीकरचे कर्णे आले, सिंथेसायझर आला. कॅझ त्यांना 'फ्रीज' म्हणतो. "फ्रीज चालू केला का रे? मग मी घरी जातो." वाजवता वाजवता नाचायचं आलं तेव्हा तो म्हणाला, "माझे गुडघे आधीच नाचतात, त्यांना शिकवायला नको." उंच तुऱ्याच्या टोप्या गेल्या, डोकी उघडी पडली, हा सरावाला जुनी टोपी घालूनच यायचा.

हाड सांधलं, आणि पुढच्या उन्हाळ्यासाठी पथकाने ब्रिटा हाल्वर्सनला आणलं.

ब्रिटा एकतीस वर्षांची, बारीक, सतत थंड हातांची. कार्यक्रम बांधायचं पहिलंच कंत्राट. तिने मांडला तो कार्यक्रम होता सरोवरावरचं धुकं. ते आमच्या ओळखीचं, त्यामुळे सगळ्यांनी माना डोलावल्या. मग तिने शेवटचे अठ्ठेचाळीस ठोके समजावले आणि माना डोलायच्या थांबल्या.

त्या अठ्ठेचाळीस ठोक्यांत ड्रम मेजर, म्हणजे हातांनी ठेका देणारी आमची म्होरकी, मचाणावरून उतरून धुक्यात निघून जाणार. म्हणजे समोर हात करणारं कुणी नाही. आमचं सगळं आयुष्य त्या हातांकडे बघण्यात गेलेलं. आणि नेमक्या त्याच वेळी आम्ही सहा काँट्रावाले उलटे चालत मागे जाणार, मागे उभ्या सात ड्रमवाल्यांच्या मधल्या सहा फटींतून पार होणार. तिने त्याला नाव दिलं, फाटक.

"कोण कोणाच्या बाजूने जाणार?" मी विचारलं. 

ब्रिटाने कागद बघितला. "तू कॅझच्या उजवीकडून."

ऐंशी माणसं हसली. मी हसलो नाही. कॅझही हसला नाही.

दुसऱ्या दिवशी लॉर्ना दुकानात आली. खोकल्याची बाटली उचलली, ठेवली, पुन्हा उचलली.

"डॉक्टर म्हणालेत, तेच हाड पुन्हा मोडलं तर तो हात खांद्याच्या वर जायचा नाही," ती म्हणाली. "ड्रम तर सोडच, त्याला स्वतःचा शर्टही घालता येणार नाही. मोडलंस तू. आता समजावही तूच."

"माझं ऐकेल तो?"

"माझं तरी कुठे ऐकतो? पण तुझ्यासमोर त्याला लाज वाटेल. तू समोर आलास की खांदा ठणकतो त्याचा."

तेव्हापासून माझी झोप उडाली. डोळा लागला की मी उलटा चालायचो, आणि मागे काहीतरी मऊ लागायचं. बायको म्हणाली, तू झोपेत टाचा उचलतोस. उलटं चालताना टाच टेकवायची नसते, चवड्यांवर जायचं असतं. ते आता अंथरुणातही सुरू झालं होतं.

मी आधी ब्रिटाकडे गेलो. म्हटलं, बाई, फाटक काढून टाक, गुण गेले खड्ड्यात.

"मी काढणारच होते," ती म्हणाली. "पहिल्याच आठवड्यात. कॅझ म्हणाला राहू दे."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. ज्या माणसाने तीस वर्षांत प्रत्येक नव्या गोष्टीला नाक मुरडलं, त्याला नेमकी हाड मोडणारी गोष्ट आवडावी?

शुक्रवारी माजी सैनिकांच्या हॉलमध्ये मासे तळतात. तिथे तो मला सापडला. राय ब्रेडवर लोणी लावत होता, डाव्या हाताने, उजवा मांडीवर.

"कॅझ, त्या फटीतून मी येणार आहे. मी!"

"कळलं. मासा खा."

"तू बाजूला हो. तिथे दुसरा कुणी उभा राहील."

"दुसऱ्याला हाडं नसतात का?"

"तुला हे असलं नवं काही आवडत नाही ना?"

"नवं?" त्याने सुरी खाली ठेवली. "अरे गोळीवाल्या, हे फार जुनं आहे. परीक्षक रांगेतून जायचा तेव्हा असंच व्हायचं. पोट आवळायचं, कान गरम व्हायचे, कुणीतरी येतोय, आणि आपण हलायचं नाही. चाळीस वर्षांत ती पोरगी पहिली, जिने मला पुन्हा घाबरवलं. बाकीच्यांनी नुसता वैताग दिला."

"लॉर्नाचं काय?"

त्याने सुरी पुन्हा उचलली. "लॉर्नाला सांगू नकोस की मला भीती वाटते," म्हणाला. "तिला वाटतं मी हट्टी आहे. ते बरं."

म्हणजे समजवायला गेलेला मी, एक गुपित घेऊन परत आलो. आता दोघांचीही भीती माझ्याच खिशात.

सराव मात्र बिघडत होता. हात करणारं कुणी नाही म्हणून ब्रिटाने कर्ण्यांतून एक हलका ठोका सोडला होता, ठक ठक ठक, सगळ्यांनी त्यावर पाय टाकायचे. ऐकायला सोपं. पण मैदान मोठं. पुढच्या कर्ण्यातून निघालेला ठोका मागच्या रांगेत पोचेतो शिळा झालेला असतो. पुढचे ताज्या ठोक्यावर, मागचे शिळ्या ठोक्यावर, मधले गोंधळात. अर्ध्या पावलाचा फरक पडायचा. आणि फाटकात अर्ध्या पावलाचा फरक म्हणजे हाड.

अंतिम फेरीच्या सकाळी शेवटचा सराव होता. माझ्या शेजारच्या काँट्राने एका ड्रमच्या कडेला अशी धडक दिली की कड वाकली आणि वाजवणारा गुडघ्यांवर आला. माणूस वाचला. 

कॅझ रांग सोडून पुढे आला. रांग सोडलेला कॅझ मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होतो.

"फ्रीज बंद कर," तो ब्रिटाला म्हणाला.

"मग ठोका कोण देणार?"

"मी. सगळ्यात मागून. आवाज मागून पुढे गेला पाहिजे, पुढून मागे नाही. सगळ्यांनी माझ्याकडे कान ठेवायचे."

"आणि तू घसरलास तर?" ब्रिटाचा आवाज फाटला. "तुझी लय घसरली तर ऐंशी माणसं घसरतील, कॅझ!"

"घसरू देत. सगळे एकदम घसरले की कुणाला लागत नाही. वेगवेगळे घसरले की लागतं."

"माझं पहिलंच काम आहे हे."

"माझं शेवटचं असेल. मग?"

ब्रिटाने दोन्ही हात काखेत धरले. उन्हाळ्यात तिला थंडी वाजत होती. ड्रम मेजर नको, हा तिचा हट्ट; कर्णा नको, हा त्याचा. दोन्ही हट्ट पाळले तर ऐंशी माणसं एका म्हाताऱ्याच्या मनगटावर. मला ओरडून सांगावंसं वाटलं की दोन्ही नको, मचाणावर कुणीतरी उभं करा, देवाच्यान् उभं करा.

"बंद," ती आवाजवाल्याला म्हणाली. "अठ्ठेचाळीस ठोके पूर्ण बंद."

पुन्हा सराव करायला वेळच उरला नव्हता. बस उभ्या होत्या.

स्टेडियममध्ये पोचलो तेव्हा दुपारचे चार. ऊन पांढरं. तिसऱ्या रांगेत लॉर्ना, हातातल्या कार्यक्रमपत्रिकेचे बारीक बारीक तुकडे करत बसलेली. आत शिरताना मी वही तीनदा तपासली. डावी पंचेचाळीस. डावी. डावी.

कार्यक्रमाचा आधीचा भाग मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की ड्रम मेजर मचाणावरून उतरली, पाठ फिरवून निघाली, आणि समोर काहीच राहिलं नाही. रिकामं मचाण. मग मागून, फार लांबून, कॅझचा ड्रम सुरू झाला.

मी टाचा उचलल्या आणि उलटा निघालो.

भीतीची माझी व्याख्या त्या दिवसापासून ठरून गेली आहे. आपल्याला न दिसणारा आवाज पाठीमागून मोठा होत जातो, आणि आपण त्याच्यापासून पळायचं सोडून त्याच्याकडेच जात राहतो. दहा. बारा. सोळा. ड्रम जवळ आला. वीस. पाठीच्या कण्यात काड्या वाजायला लागल्या. चोवीस. काँट्राच्या तोंडाने डावं जग झाकलेलं, उजवीकडे नुसतं ऊन. वाटलं, थांबावं. थांबलो तर सहाजणांची रांग मोडणार. अठ्ठावीस. कॅझ किंचित घसरला. वेग वाढला, केसभर. मला पायांत कळलं, आणि त्याच क्षणी हेही कळलं की शेजारच्यालाही कळलंय, सगळ्यांनाच कळलंय, आम्ही ऐंशीजण एकदम केसभर घसरलो आहोत. तीस. कानात एकदम स्फोट झाल्यासारखा ड्रम. एकतीस. माझ्या दंडाला एक बाही लागली. ओली, घामाने चिंब बाही. बत्तीस. ड्रम समोर होता. माझ्या डोळ्यांपुढे कॅझची पाठ होती, सरळ, दोन्ही खांदे जागच्या जागी.

उरलेले सोळा ठोके मी वाजवले की नाही, देव जाणे.

सहावे आलो. लोक उभे राहिले होते असं म्हणतात. लॉर्ना खाली आली, कॅझच्या खांद्यावरून हात फिरवला, हाड नीट चाचपलं आणि पाणी आणायला गेली. ब्रिटा ट्रकच्या चाकाला टेकून बसली होती, रडत होती की हसत होती, ते तिलाही ठाऊक नसावं.

 कॅझ ड्रमचा पट्टा सोडत होता. मी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

"कॅझ, खरं सांग," मी म्हटलं. "मी पुन्हा उलटा तुझ्या अंगावर येताना दिसलो, तेव्हा काय वाटलं?"

"दिसलास कुठे? डोळे गच्च मिटले होते मी."