भेटीच्या खोलीतल्या बाई

उभ्या मराठवाड्यात सगळ्यात कमी दयामाया कुणाला, असं विचारलंत तर मी कोर्टाच्या आवारातल्या भेटीच्या खोलीतल्या बाईंकडे बोट दाखवीन. नवरा-बायकोचा खटला चालू असला की लेकरांची भेट तिथे व्हायची, दर शनिवारी, या बाईंच्या नजरेखाली. माझी सहा वर्षांची मुलगी तिथे येऊन बसायची, पण माझ्याशी अवाक्षर बोलायची नाही. हे असंच चाललं तर भेटी बंद होतील, असं माझे वकील सांगून चुकले होते.

बाईंचे कायदे कोर्टापेक्षा कडक. रस्ता खोदलाय म्हणून उशीर झाला, हे त्यांना मान्य नसे. शहर वाढतंय तर घरून लवकर निघायचं. दुष्काळाचं वर्ष होतं, म्हणून एक सवलत तेवढी होती. "तारीख चुकली तर चालंल, टँकर चुकवायचा नाय," असं त्या मुलीच्या आईला सांगत. आईबापांनी एकमेकांशी बोलायचं नाही, बोलणं बाईंमार्फत. आम्ही हाताच्या अंतरावर उभे, तरी मुलीची आई म्हणायची, "त्यांना सांगा, तिला खोकला आहे." बाई माझ्याकडे वळत. "पोरीला खोकला हाय. आन् मी माझ्या मनानं सांगते, आइस्क्रीम नाय."

पहिल्याच शनिवारी मी मुलीएवढी बाहुली घेऊन गेलो. बाईंनी ती कपाटात कोंबली आणि माझ्या हातात कंगवा नि तेलाची बाटली दिली. "खेळणं कोणबी आणतंय. वेणी घाला." चितेगावच्या कारखान्यात मी भलीमोठी यंत्रं चालवतो, पण ते तीन पेड काही हाती राहीनात. माझी वेणी म्हणजे उंदरानं कुरतडलेला सुंभ. मुलगी मुकाट पाठ करून बसायची आणि दाराशी तिची आई माझ्यादेखत ती सोडून नव्यानं घालायची. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. "जमत नाही हो," मी म्हणालो. "नाय जमत तर नाय जमत. वढू नका फकस्त," बाई म्हणाल्या.

एका शनिवारी मागे न बघता मुलगी म्हणाली, "बाबा, डावीकडे घट्ट झालं." इतक्या दिवसांतलं पहिलं वाक्य, तेही तक्रारीचं, पण मी तेलकट हातांनीच डोळे पुसले आणि ते आणखी चुरचुरले. त्या दिवशी आईनं वेणीला हात घातला, तर पोरीनं ती दोन्ही मुठींत धरली. "राहू दे." आई हात मागे घेत बाईंना म्हणाली, "त्यांना सांगा, तेल थोडं कमी लावा."

"मी काय निरोप्या हाय व्हय?" बाई म्हणाल्या. "समोर उभे हायत, तुमीच सांगा की."

पुढे रविवारी मुलगी माझ्या घरी यायला लागली. निरोप घ्यायला गेलो तर बाईंनी हुकूम सोडला, "आता हिकडं फिरकू नका, आन् मी रस्त्यात दिसले तर हाक मारू नका. तुमी दिसले की मला वाटंल, पुन्हा बिघडलं."

परवा मुलीला गाडीवरून नेताना क्रांती चौकात सिग्नलला बाई दिसल्या. दोन्ही हातांत पिशव्या, पैठणच्या बसची वाट बघत, जरा वाकलेल्या. मुलगी हाक मारणार होती, मी नको म्हणालो. बाईंनी आम्हाला पाहिलं होतं, पण तसं न दाखवता तिरक्या नजरेनं आमच्याकडे बघत होत्या. त्यांची बस आली, थांबली आणि निघूनही गेली. त्या चढल्याच नाहीत. सिग्नल सुटला, तरी बाई तिथेच उभ्या होत्या.