अनघा परत खाली उतरली

अनघा काल दुपारी गेली.

कॅन्सर. वय एक्केचाळीस.

यापुढे काय लिहायचं कळत नाही, म्हणून एका दिवसाबद्दल सांगते.

अनघा सांगलीची. इथे जर्मनीत गेर्लिंगेनला इंजिनिअर, आणि त्सुफेनहाउझेनला आमच्या वरच्या मजल्यावर राहायची. पार्सलची एक जुनी व्हॅन घेऊन तिनं स्वतःच्या हातानं तिची कॅम्पर केली होती. दोन हिवाळे त्यात घातले. बेड, ओटा, पाण्याची टाकी, पडदेसुद्धा. रविवारी आवाज चालत नाही, तरी ड्रिल चालवलं म्हणून बिल्डिंगची देखभाल करणाऱ्या हाउसमाइस्टरशी कडाक्याचं भांडण.

गाडीचं नाव ठमी.

तीन वर्षांपूर्वी ईस्टरच्या सुट्टीत ठमीतून आम्ही मोरोक्कोला गेलो. ती, मी, माझा नवरा निखिल आणि आमची सहा वर्षांची इरा. फ्रान्स, स्पेन, मग बोटीनं पलीकडे, आणि तिथून खाली वाळवंटात.

तिथल्या हवेचा काही भरवसा नव्हता. सकाळी जॅकेट, दुपारी अंगाची लाही.

त्या दिवशी जेवण उरकतोय तोवर वाळूचं वादळ आलं. काचा लावून आत बसून राहिलो. बाहेर नुसतं पिवळं. दाताखाली वाळू. इरा रडून रडून झोपली.

वादळ ओसरलं, निघालो. मुक्कामाची जागा एका कोरड्या नदीच्या पलीकडे होती. नदी कसली, गोटे आणि रेती.

बरोब्बर मधोमध मागची चाकं रुतली.

निखिल आणि अनघा फावडं घेऊन उतरले. टायरमधली हवा कमी केली, चाकांखाली फळ्या सरकवल्या. मी स्टेअरिंगवर. चाकं फिरायची आणि आणखी खोल जायची.

मग अनघा उठली आणि डोंगराकडे बघत राहिली.

आमच्यावर लख्ख ऊन होतं. डोंगर काळे झाले होते.

"तिकडे पाऊस पडतोय," ती म्हणाली. "इराला उचल आणि काठावर जा."

"अगं, आत्ताच झोपलीये..."

"उचल म्हणते ना!"

ती माझ्यावर कधीच ओरडली नव्हती.

इरा जागी झाली आणि "माइन रुकझाक!" करत गाडीत राहिलेल्या सॅकसाठी पाय झाडायला लागली. अनघानं तिला माझ्या हातातून घेतलं, खांद्यावर टाकलं आणि काठ चढली. मी मागे. वर पोचून वळून बघते तर निखिल अजून चाकापाशीच. हाका मारल्या. त्यानं नुसता हात केला. थांबा, होतंय.

तेवढ्यात आवाज आला. लांबून मोठा ट्रक यावा तसा.

पण तिथे रस्ताच नव्हता.

अनघानं इराला माझ्या कडेवर दिलं आणि ती परत खाली उतरली.

मी ओरडले का, आठवत नाही. इराचं तोंड छातीशी घट्ट दाबून धरलं होतं, तेवढं आठवतं.

खालचं बोलणं वर ऐकू येत होतं.

"निघतेय गं, एक फळी अजून!"

"निखिल, सोड."

"अनघा, तुझी गाडी आहे ही!"

"माझी आहे म्हणूनच सांगतेय. सोड!"

तिनं त्याची कॉलर धरून त्याला ओढलं.

पाणी आलं ते पाण्यासारखं दिसतच नव्हतं. चिखल, फेस, काटक्या. आधी घोट्यापर्यंत, लगेच गुडघ्याच्या वर. अनघा पडली. निखिलनं तिचा दंड पकडला. मी इराला खडकामागे बसवलं, पालथी झोपले आणि दोन्ही हात खाली सोडले. कोण कोणाला ओढतंय, काही कळत नव्हतं.

आले. दोघंही वर आले.

ठमी आधी कलली. मग सावकाश गोल फिरली आणि वळणाआड दिसेनाशी झाली.

मग आमच्यावरही आभाळ फाटलं. गारा! वाळवंटात गारा. खडकाच्या आडोशाला इराला मध्ये घेऊन बसलो. इरानं विचारलं, "उंड ठमी? ठमीचं काय?"

"पत्रा होता गं पिल्लू," अनघा म्हणाली. तिचे दात कडकड वाजत होते.

अंधार पडायच्या आत जवळच्या वस्तीतला एक माणूस पिकअप घेऊन आला. त्याच्या बायकोनं कोरडे कपडे दिले, गरम सूप पाजलं. पासपोर्ट माझ्या कमरेच्या पाउचमध्ये होते, म्हणून निदान घरी तरी परतता आलं.

परतीच्या बोटीत अनघा एकटीच डेकवर गेली. बऱ्याच वेळानं आली. डोळे लाल.

"वारा आहे बाहेर," म्हणाली.



मागच्या वर्षी आजार कळला. ऑपरेशन, केमो, मध्ये थोडं बरं, पुन्हा तेच. या महिन्यात डॉक्टरांनी निखिलला आणि मला बाजूला घेऊन सांगितलं. मी खोलीत शिरले, तर तीच म्हणाली, "आईच्या व्हिसाचं बघ."

तिच्या आईचा, म्हणजे काकूंचा, आणि दादाचा व्हिसा झाला. काकू आज विमानात बसणार होत्या.

काल फोन मीच केला.  मग काकूंनी विचारलं,

"शेवटी तिच्याजवळ कोण होतं?"

"मी होते काकू. निखिल होता. इरापण."

"हात धरला होतास तिचा?"

"हो."

"बरं केलंस, बाळा."

काकू आणि अनघाचा दादा उद्या पोचतील. अंत्यसंस्कार त्यानंतर. ज्यांना यायचंय त्यांनी मला मेसेज करा.

अनघा, सावकाश जा गं.

आम्हा तिघांचा जड मनानं निरोप.