विद्यापीठाचे पाहुणे

आता तुम्ही हसणार, हे धरूनच सांगतो. विद्यापीठात इतिहासाच्या अधिव्याख्यात्याची जागा निघाली होती. मी मांजर्लीतला पहिला एम.ए., आणि उल्हासनगरच्या कॅम्प चारमधल्या शाळेत पोरांना भूगोल शिकवत बसलेला! अर्ज टाकला, मुलाखत झाली, आणि मग जे वाट पाहणं सुरू झालं, ते विचारू नका. जेवण जाईना, झोप लागेना. ती जागा मला हवीच होती.

त्यात आमच्या शाळेतल्या मोटवानी मास्तरांनी भर घातली. म्हणाले, "युनिवर्सिटीवाले घर आके देखते हैं, आदमी कैसा है." झालं! मी पदवीचं प्रमाणपत्र ओटीवर टांगलं आणि रोज धुतलेलं धोतर नेसून येरझाऱ्या घालू लागलो.

आणि एका रविवारी काळी टोपी घातलेले एक गृहस्थ आले की! पाणी प्यायले, भिंतीकडे पाहिलं, शिक्षण विचारलं, वय विचारलं, व्यसन आहे का विचारलं. विद्यापीठाशिवाय एवढी चौकशी कोण करणार? मी कळवळून सांगितलं, "माझी काही अट नाही. आधी वर्षभर हंगामी घ्या. पसंत पडलो तर कायम करा."

गृहस्थ माझ्याकडे बघतच राहिले. मग हळूच म्हणाले, "आणि देण्याघेण्याचं?"

म्हणजे इथेही लाच? माझं डोकं फिरलं. "देणंघेणं मला चालणार नाही," मी ठणकावलं. "पात्रतेवर घ्यायचं तर घ्या."

गृहस्थांचा चेहरा एकदम खुलला. मला वाटलं, प्रामाणिकपणाची परीक्षा होती आणि मी पास झालो.

आई शेतावरून आली तेव्हा ते निघून गेले होते. मी आनंदाने सगळं सांगितलं. ती डोक्यावरचा भारा टाकून म्हणाली, "अरे, ते वांगणीचे पाहुणे. मामानी धाडलेले, पोरीचे बापूस."

लाजेने मेलो हो मी! स्वतःचं लग्न हंगामी तत्त्वावर मागणारा दुसरा कुणी तुम्ही पाहिलाय?

पुढच्या रविवारी कोट घातलेले आणखी एक गृहस्थ दारात. "एम.ए. झालेले आपणच ना? आम्हाला लवकर ठरवायचंय." पण आता मी शहाणा झालो होतो. खुर्चीसुद्धा दिली नाही. म्हटलं, "मला सध्या अडकायचं नाही. मोठ्या ठिकाणी बोलणं चाललंय. तुम्ही दुसरा बघा."

"नक्की?"

"नक्की."

"बरं. विभागप्रमुखांना तसं कळवतो," म्हणाले आणि चालू लागले.

मुलीकडच्यांत विभागप्रमुख कुठून आला, याचा मी दारात उभा राहून विचार करत होतो. डोक्यात उजेड पडला तेव्हा ते शेताच्या बांधापलीकडे गेले होते. धोतर सावरत धावलो, गाठलं, हातापाया पडलो. त्यांना मुलीचे वडील समजलो, हेही सांगून टाकलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "शोध घ्यायच्या आधीच निष्कर्ष काढता. इतिहासाला हे चालत नाही."

जागा दुसऱ्याला मिळाली.

त्याच आठवड्यात मामा वांगणीचा होकार घेऊन आले. मी पार खचलेलो. निदान कुणाला तरी आपली पात्रता पटली, म्हणून त्यांना विचारलं, की माझ्यातलं नेमकं काय आवडलं?

मामा म्हणाले, "आवडलं असं काही नाही रे. बाकीच्यांनी हुंडा मागितला."