भास्करच्या कवितेतला चंद्र

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, बहिणीला नाही, आमच्या मंडळातल्या बायकांना तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही — म्हणून तुम्हाला सांगणं त्यातल्या त्यात सोपं. हाही भित्रेपणाच, नाही का?

मी दोह्यात, बिन महमूद भागात राहते. नवरा गॅस कंपनीत इंजिनियर. मी पुण्याची, इंग्रजीत एम.ए. केलेली, आणि तेवढ्यावर इथल्या मराठी मंडळींत 'साहित्यातल्या मॅडम' झालेली. कविताही करते. म्हणजे — चंद्र, वाळू, एकटेपण. वीसेक वर्षं तोच चंद्र. मासिकांनी तो परत पाठवला, मैत्रिणींनी 'छान गं' म्हणून फोन खाली ठेवला.

आम्ही एकदा आशियाभरच्या लोकांचा साहित्य-कलांचा कार्यक्रम केला. शुक्रवारची दुपार, शाळेचा हॉल. ऑनलाइन मागवलेले किमोनो, समोशांशेजारी सुशी, आणि स्टेजवर मी — साहित्य आणि कला या खंडाला कशा एकत्र बांधतात यावर इंग्रजीतून पंधरा मिनिटं. किती रुबाबात बोलले! हॉलमध्ये सात-आठ देशांची माणसं बसली होती. त्यांच्या भाषांमधलं मी काय वाचलं होतं? काही नाही. पण हे ऐकणाऱ्यांनी तरी कुठे वाचलं होतं! माना डोलवायला वाचावं लागत नाही.

तर कार्यक्रमात 'एखादा कामगारही हवा' असं आमच्या कमिटीला वाटलं. फोटोत बरा दिसतो. म्हणून भास्कर सापडला. जालन्याकडचा प्लंबर, इंडस्ट्रियल एरियातल्या कॅम्पात राहणारा, वहीत कविता लिहिणारा. तो मराठीत वाचेल आणि प्रत्येक कडव्यानंतर मी इंग्रजीत अर्थ सांगेन, असं ठरलं. आदल्या आठवड्यात त्याने ती मला फोनवर ऐकवली.

त्याच्या खोलीतला एक नेपाळी माणूस झोपेतच गेला होता. सामान गावी पाठवलं, पण बाथरूमच्या खिडकीत त्याचा साबण राहिला. चार दिवस कुणी हात लावला नाही. पाचव्या दिवशी भास्करचा साबण संपला आणि त्याने तो घेतला. मग दिवसभर, पाइप जोडताना, बसमध्ये, जेवताना, स्वतःच्या अंगाला त्या माणसाचा वास. एवढीच कविता.

"ताई, नीट सांगा बरं त्यायला," तो म्हणाला. "लई जपून लिव्हलंय."

मी फोन ठेवला. मला असं एक कडवंही कधी जमलं नव्हतं. मग मी स्वतःला पटवलं — जेवणाआधी मरण कशाला, पाहुण्यांसमोर बाथरूम कशाला? खोटं. साफ खोटं. मला मत्सर वाटला होता. एका प्लंबरचा.

आणि मग स्टेजवर... भास्कर वाचत होता, इस्त्रीचा शर्ट घालून, वहीवरून नजर न उचलता. तो थांबला की मी बोलायचे. आमची मराठी मंडळी मागे जेवणाच्या मांडामांडीत होती; दोन्ही भाषा कळणारं ऐकायला कुणी नव्हतं. आणि मी माझ्या कविता बोलले. परत आलेल्या. त्याचं एक कडवं, माझा एक चंद्र. कतारचा चंद्र, गावाकडचा चंद्र, सगळ्या आशियावर एकच चंद्र! हॉल उठून टाळ्या वाजवत राहिला. भास्करला वाटलं, त्याच्यासाठी. मला माहीत होतं — माझ्यासाठी. आयुष्यात पहिल्यांदा. काय सांगू, मला फार आनंद झाला.

चहाच्या वेळी एक फिलिपिनो नर्स माझ्याकडे आली. 'सबोन' म्हणाला ना तो, तिने विचारलं, आमच्याकडेही साबणाला सबोनच म्हणतात. तिच्या शेजारी उभ्या असलेल्या निवृत्त अरब शिक्षिका म्हणाल्या, हो, मीही 'साबून' ऐकलं, अरबीतही साबण म्हणजे तेच. मी हसले. म्हटलं, मराठीत त्याचा अर्थ चांदणं.

चांदणं! एका शब्दावर अख्खा हॉल भास्करपर्यंत पोचत होता, माझ्या भाषणाशिवाय, माझ्याशिवाय. आणि मी तो शब्दसुद्धा पुसून टाकला.

भास्करबरोबर दिलबहादूर आला होता, त्या गेलेल्या माणसाचा चुलतभाऊ. त्याला हिंदी येत होतं, आणि कविता त्याने खोलीत दहादा ऐकली होती. तो सरळ समोर उभा राहिला. "मॅडम, भाई ने साबुन बोला था। आपने मून-मून क्यों बोला?"

भास्कर माझ्याकडे बघायला लागला. "ह्यो काय म्हनतो, ताई? साबन सांगितलाच न्हाई व्हय?"

बघा, तिथे कबूल करता आलं असतं. एक वाक्य पुरलं असतं. मी म्हटलं, "सांगितला की. त्याला इंग्रजी कुठे कळतं?"

भास्करने माझ्यावर विश्वास ठेवला. त्याने दिलबहादूरला सगळ्यांदेखत झापलं — ताई शिकलेल्या आहेत, तुला काय अक्कल?  दिलबहादूरने कागदी कप टेबलावर ठेवला आणि तो बाहेर गेला. एका खोलीत, एका मरणात सोबत राहिलेली माणसं. थोड्या वेळाने मी काचेतून पाहिलं: कंपनीच्या बसमध्ये एक पुढे बसला होता, एक अगदी मागे.

पुढे कमिटीने पुस्तिका काढली. त्यात भास्करचं नाव, त्याचा फोटो आणि माझा चंद्र. मूळ मराठी छापायला जागा नव्हती, असं मीच सांगितलं.

पुढच्या वर्षी कार्यक्रम ठरल्यावर भास्करचा मेसेज आला. नवी कविता होती. आणि विचारत होता, औंदा दिलबहादूर कुठं येतोय, तो तर माझ्याशी बोलतच नाही, पण मी एकटा आलो तर चालंल का? कामगारांना आणायचं तर त्यांच्या कंपनीला बससाठी मंडळाचं पत्र द्यावं लागतं. ते काम माझ्याकडे होतं. मी भास्करला कळवलं की कंपनी बस देत नाही.

पत्र मी लिहिलंच नव्हतं.