बिबड्यांवरची जाळी

चोपड्याच्या त्या गल्लीत सुगंधाबाईशी गोड बोलणारं माणूस अजून जन्माला यायचं होतं, आणि तिला त्याचं काडीचंही दुःख नव्हतं. उन्हाळा लागला की तीच माणसं बिबड्यांसाठी तिच्या दारात उभी राहत. बिबडे म्हणजे ज्वारीचे पापड. त्यांचं पीठ चुलीवर हाटायला, म्हणजे घोटत शिजवायला, मनगट लागतं. पातेल्याला जरा खाली लागलं की सगळ्या बिबड्यांना करपट वास. सुगंधाबाईनं हाटलेलं कधी खाली लागलं नाही. म्हणून तिच्या शिव्या खाऊन बायका तिलाच बोलावत. बाई आपला लाकडी चाटू काखेत मारून ऐटीत निघे. वर्षातले तेवढेच दिवस तिला गल्लीत मान होता.

यंदा तिच्या धाकट्या जावेनं, दिपमालानं, सामाईक गच्चीच्या मधोमध ट्रॅम्पोलिन आणून मांडलं. साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी व्यायाम सांगितलेला. दिपमाला अंगानं भरलेली, पण शिकत होती मोठी जपून. आधी भोवतीच्या जाळीची चेन लावायची, मग ऐन मधे उभं राहून गुडघे वाकवून बेताच्या उड्या, आणि दमलं की खाली उडी न टाकता बसून पाय सोडायचे. सुगंधाबाई कोपऱ्यातून बघे आणि ऐकू जाईल असं पुटपुटे, चाळिशीत बाईला नाचायचे डोहाळे लागलेत. गच्चीच्या मधलं ऊन त्या ट्रॅम्पोलिनखाली गेलं होतं ना! तिचे बिबडे आता कठड्याच्या सावलीत वाळत, नि चिमण्या त्यांना टोचत. तिच्या तळपायाची आग मस्तकाला जाई.

एका सकाळी तिनं ती जाळीच सोडली आणि बिबड्यांवर पांघरली. चिमण्यांचा बंदोबस्त झाला. उरलेले बिबडे घालायला ट्रॅम्पोलिनवर ताणलेलं काळं कापड होतंच, भर उन्हात, धुळीपासून उंच. मग काय, टोपली घेऊन बाई थेट वर चढून बसली.

दिपमाला आली, तिनं बघितलं आणि लालबुंद झाली. "आक्का, खाले उतरा. जाळी नही, नि यावर एकच मानूस चढस."

"ही गच्ची मनीबी शे."

मग दोघींनी सासूच्या पाटल्यांपर्यंत सगळं उकरून काढलं. शेवटी टोपली ओढायला दिपमाला स्वतःच वर चढली. जो नियम आत्ता सांगितला तोच मोडला. रागाला कुठे अक्कल असते! सुगंधाबाई टोपली वाचवायला उठून उभी राहिली. दिपमालाचा पाय जोरात पडला, कापड दबलं, उसळलं, आणि काडीसारखी सुगंधाबाई टोपलीसकट बाहेर फेकली गेली. जिनं अडवायचं ती जाळी खाली बिबड्यांवर पसरलेली होती. बाई तिच्यावरच पडली, उजव्या हातावर.

मनगट मोडलं, प्लास्टर बसलं. दवाखान्यात दोघींनी एकच सांगितलं, न्हाणीत पाय घसरला. घरी आल्यावर बोलणं बंद. दिपमालानं जाळी परत बांधली आणि उड्या चालू ठेवल्या. सुगंधाबाई मनातल्या मनात रोज तिचे दोन्ही पाय मोडत होती.

अशात एक दिवस समोरची पार्वताबाई आली. तिचं पीठ तयार होतं. तिनं प्लास्टरकडे बघितलं, जरा चुकचुकली आणि म्हणाली, "तुमना हात तं गया आते. दिपमालाले धाडी द्या."

दिपमाला आतून ऐकत होती. तिनं खुंटीवरचा चाटू न विचारता काढला. दारात मात्र थांबली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा बोलली.

"आक्का, पीठ शिजनं हे कसं समजस?"

"उडी मारीसन देख."

दिपमाला गेली. सुगंधाबाई गच्चीवर कठड्याला टेकून बसली आणि समोरच्या घरातून करपल्याचा वास यायची वाट बघू लागली. दुपार कलली तेव्हा वास आला. चांगल्या शिजलेल्या ज्वारीचा होता.