पंजाबरावांचं नाव पुकारलं जातं तेव्हा

जलशात पात्राचं नाव घेतलं गेलं आणि पात्र आलंच नाही, तर मंडपात जी शांतता पडते ती मी जलशात काम करताना आयुष्यात दोनदाच ऐकली होती. म्हातारपणी ती दरवर्षी ऐकावी लागेल, आणि तीही रत्नमालावहिनींच्या घरी बैठकीच्या खोलीत, असं वाटलं नव्हतं.

वहिनींचा नवरा, माझा दोस्त पंजाबराव अंभोरे मंगरूळपीरला टेलिफोन खात्यात लाइनमन होता. सुटीच्या दिवशी आमच्या जलशाचा माईक तोच सांभाळायचा. काय कान होता त्याचा! मला म्हणायचा, "माणूस काय बोलते ते मंग आइक. दम कुठी घेते ते आधी आइक."

त्याच्या एक्स्चेंजमध्ये एका कंपनीची यंत्रं बसली होती. भर पावसात सारं गाव अंधारात जायचं, पण ती यंत्रं कधी बंद पडली नाहीत. त्या भरवशावर त्याने कंपनीचे शेअर घेतले. खातं दोघांचं, पहिलं नाव त्याचं. पुढे जुने मालक गेले, कंपनी यंत्रं सोडून सॉफ्टवेअरकडे वळली, नवे अध्यक्ष आले. शेअर थोडा चढला, मग वर्षानुवर्षं उतरतच राहिला. शेअरवाल्यांची वार्षिक सभा कॉम्प्युटरवर व्हायला लागली तसा पंजाबराव दरवर्षी बोलायला नाव नोंदवू लागला. प्रश्न एकच असायचा : गिऱ्हाइकाचा तक्रारीचा फोन तुमच्याकडे कोण उचलतो? अध्यक्ष गोड आवाजात लक्ष घालतो म्हणायचे.

शेवटच्या सभेनंतर त्याने हेडफोन काढून खुर्चीच्या पाठीला अडकवला. "हा माणूस आता आइकत नाही, रत्ना. याले पुन्हा निवडायचं नाही." दिवाळीच्या आत तो गेला.

मुलगी धम्मदीपा नागपूरहून सारखी सांगायची, आई, मृत्यूचा दाखला देऊन खातं तुझ्या नावावर कर. वहिनी हो म्हणायच्या आणि सभा आली की बोलायला पंजाबरावांचंच नाव नोंदवायच्या. पहिल्या वर्षी त्यांनी मला सोबतीला बोलावलं, तेव्हा कारण कळलं. दुपारची वेळ. त्यांनी कॉम्प्युटरवर सभा लावली आणि पंखा बंद केला. हेडफोन खुर्चीवर तसाच होता, तार जोडलेली. थोड्या वेळाने त्या पोकळ वाट्यांमधून एका मुलीचा बारीक आवाज आला, "पंजाबराव अंभोरे जी, मंगरूलपीर से. आप जुड़े हैं?"

कोणी बोललं नाही. पुन्हा विचारून मुलगी थांबली आणि तिने पुढचं नाव घेतलं.

"आलं न नाव, भाऊजी?" वहिनींनी विचारलं. त्यांचा चेहरा उजळला होता. साऱ्या गावाने त्याला गेलेला धरला होता. ही एक सभा तेवढी अजून त्याची वाट पाहत होती.

दुसऱ्या वर्षी ठराव आला, त्याच अध्यक्षांना आणखी पाच वर्षं नेमायचा. वहिनींचं खाणं कमी झालं. विरोधाचं मत गुपचूप बटण दाबून देता आलं असतं. पण समोरच्याचं उत्तर न ऐकता त्याला नापास करणं पंजाबरावला चाललं नसतं. प्रश्न विचारायचा, तर पंजाबराव आता नाही हे सांगावं लागणार. आणि एकदा सांगितलं, की ते नाव परत कोणी पुकारणार नाही.

सभेत नाव आलं. शांतता पडली. मला ती आता ओळखीची होती. इतक्यात वहिनींनी माईक सुरू केला.

"पंजाबराव वारले जी. मी त्याइची बायको, रत्नमाला. त्याइचा प्रश्न राह्यला होता, तो इचाराले आली." आणि तो प्रश्न त्यांनी न अडखळता विचारला.

सगळ्यांचे प्रश्न संपल्यावर अध्यक्षांनी उत्तरं दिली. आमची पाळी आली. हेडफोनमधून तोच गोड आवाज आला, "पंजाबराव जी, धन्यवाद. आपका विश्वास बना रहे. स्वस्थ रहिए, अगले साल फिर मिलेंगे."

वहिनी खुर्चीकडे बघत होत्या.

"भाऊजी, दम कुठी घेतला त्यानं?"

"घेतलाच नाही," मी म्हणालो. "लिहिलेलं वाचून राह्यला होता."

त्यांनी विरोधाचं बटण दाबलं. अध्यक्ष निवडून आलेच. शेअरचे मोठे गठ्ठे असणाऱ्यांची मतं त्यांच्याकडे होती. वहिनींनी मात्र दाखला नेऊन दिला, खातं आपल्या नावावर केलं. धम्मदीपा विकून टाक म्हणाली, तर म्हणाल्या, "मंग त्याले इचारन कोण?"

यंदा पुन्हा बसलो. पंखा बंद, हेडफोन खुर्चीवर. वहिनी ताठ बसल्या होत्या, आता वाट पाहण्यासारखं काही उरलं नाही अशा. मुलीचा आवाज आला.

"रत्नमाला पंजाबराव अंभोरे जी, मंगरूलपीर से. आप जुड़ी हैं?"

लग्नानंतर कागदोपत्री चिकटलेलं ते मधलं नाव आम्हा दोघांच्याही ध्यानात नव्हतं. वहिनींचा हात माईकच्या बटणावर थबकला. मुलीने पुन्हा विचारलं. मी त्यांना खूण केली.

"थांबा भाऊजी," त्या हळूच म्हणाल्या. "आधी त्याइले येऊ द्या."

मी खुर्चीकडे पाहिलं नाही.